कात्रीने उडवलेला चेहरा

सिनेमाच्या धंद्यात त्याला सगळे 'कात्री' म्हणत, आणि त्याला त्याचं भूषणच वाटे. एडिटिंगच्या कोंदट खोलीत बसून तो नटांचे उसासे, थबकणं, आवंढे, सगळं उडवून टाकायचा. सिनेमा कसा पळाला पाहिजे! अहो, सिनेमाचं सोडा, हा माणूस घरीही कुणाचं वाक्य पुरं होऊ द्यायचा नाही. "कळलं, पुढे" म्हणायचा. ते ऐकून ऐकून बायकोचे कान किटले आणि गेल्या महिन्यात ती बहिणीकडे निघून गेली. "परत यायचं की नाही, ते कळवते," एवढंच म्हणाली. तेव्हापासून त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. फोन वाजला की काळजात धस्स व्हायचं.

समोर होता प्रेमाचा सिनेमा, शेवटाजवळचा प्रसंग. सोडून जाण्याआधी नायिका मनातलं सगळं सांगते आणि नायक नुसता ऐकतो. कात्रीने ते ऐकणंच छाटून टाकलं. त्याचं थोबाड काय बघायचं? बोलतेय ती! स्टुडिओतल्या चार माणसांना प्रसंग दाखवला, तर एकाचा डोळा ओला होईल तर शपथ. हिशेबनीस तर चक्क जांभई देत उठला.

"काका, त्याचा चेहरा परत लावा," दिग्दर्शिका म्हणाली. वयाने मुलीसारखी, पण हट्टाला पेटली होती. "सगळा. पापणीसुद्धा सोडायची नाही."

"लोक कंटाळतील, बाळा."

"लावून तर बघा."

धुसफुसत त्याने लावला आणि खुर्चीत चुळबुळत बसला. बोट सारखं कापायच्या बटणाकडे जात होतं. पडद्यावर ती बोलत होती. तिच्या एकेका शब्दासरशी नायकाचा चेहरा उतरत होता. मध्येच ओठ हलायचे, पण तो बोलायचा नाही. निघालेला हिशेबनीस दारातच खिळला. कात्रीने बटणाकडे गेलेलं बोट मागे घेतलं आणि त्याला स्वतःचाच संताप आला. प्रेम तर इथेच होतं की, आणि आपण नेमकं तेच कचऱ्यात टाकत होतो!

तेवढ्यात फोन वाजला. बायकोचा. तो धावत बाहेर जिन्यात गेला.

"ऐक. माझी आई गेली, त्या दिवशीचं सांगायचंय."

'कळलं' अगदी जिभेवर आलं होतं. त्याने ओठ आवळले.

"तेव्हाही सांगत होते. तू म्हणालास, गेल्या ना त्या, आता रडून काय होणार. आणि नातेवाइकांना फोन करायला लागलास." ती थांबली. तो जिन्यात वरखाली करत होता. "आई म्हणाली होती, केस विंचरून दे. अर्धे विंचरले आणि ती गेली. मला कुणाला हाक मारवेना. उरलेले केस विंचरत बसले."

पलीकडे नुसता श्वास. एरवी एवढ्या वेळात त्याने दहा वाक्यं कोंबली असती. आता तो फोन कानाशी घट्ट धरून ऐकत राहिला.

"आहेस ना?"

"आहे." तो म्हणाला. "मग... वेणी घातलीस त्यांची?"

"घातली," ती म्हणाली, आणि हुंदक्यांनी तिला पुढे बोलवेना. तो पायरीवर बसला. परत येतेस का, हे विचारायला जीव नुसता तडफडत होता. त्याने विचारलं नाही.

"अजून पुष्कळ सांगायचंय," शेवटी ती नाक ओढत म्हणाली. "फोनवर नको. घरी येऊन सांगते."