चार तास घराबाहेर

गेल्या रविवारी सकाळी मोताळ्यात मला माझ्याच घरातून चार तासांसाठी बाहेर पडायचं होतं... आणि जायचं कुठे, हेच सुचेना.

झालं असं की आई तीन वर्षं अंथरुणाला खिळून होती. तिचं सगळं मीच करायचे. शाळेतली नोकरी, घर आणि आई, बस. दिवाळीनंतर ती गेली. एकटीला घर मोठं वाटायला लागलं, म्हणून समोरची खोली भाड्याने द्यायचं ठरवलं.

एक नवीन लागलेली शिक्षिका बघायला आली. दोन मिनिटांत ओढणी नाकाशी नेली, कळवते म्हणाली आणि गेली. आठ दिवसांनी मीच फोन केला. आधी ती आढेवेढे घेत होती. मग हळूच म्हणाली, "मॅडम, राग नका मानू... पण घराले वास येते."

मला कधीच आला नव्हता.

आईची गादी, उशा, पडदे सगळं टाकून दिलं. फरशी फिनाईलने धुतली, भिंतींना रंग दिला. शेजारच्या मॅडमना बोलावून विचारलं, तर त्या नुसत्याच हसल्या. म्हणजे वास होताच... भिंतीत, लाकडाच्या कपाटात मुरलेला.

कोणीतरी ओझोनच्या मशीनचं सांगितलं. बुलढाण्याला एकजण गाड्यांमधले वास काढतो, घराचंही करतो. रविवारी तो आला. मायक्रोवेव्हएवढी पेटी, मागे पंखा. त्याने नीट समजावलं... यातून निघणारा गॅस वास मारतो, पण माणसाने छातीत घ्यायचा नाही. दारं-खिडक्या बंद, घरात जीव म्हणून काही ठेवायचं नाही. दोन तासांनी मशीन तो बाहेरून बंद करणार. नंतर खिडक्या उघडून दोन तास वारा खेळू द्यायचा.

घरात कोण कोण आहे, त्याने विचारलं. मीच, म्हटलं. मांजर, पोपट, मासे? काहीच नाही. एक मनी प्लांट होता, तो त्याने स्वतः उचलून अंगणात नेऊन ठेवला.

मी पर्स घेऊन निघाले. फोनमध्ये शेवटचे नंबर बघितले तर मेडिकलवाला, गॅसवाला आणि आईला इंजेक्शन द्यायला येणाऱ्या सिस्टर. तीन वर्षांत मी कोणाकडे गेलेच नव्हते. आता रविवारी सकाळी अचानक कोणाच्या दारात उभी राहू?

एसटी स्टँडवर जाऊन बसले. मलकापूरची गाडी लागली, कंडक्टरने येता का विचारलं. मी नकाराची मान हलवली... ती गाडी गेल्यावर तिथे बसायचीही लाज वाटायला लागली. परत गल्लीत आले आणि घरासमोर उन्हात उभी राहिले.

समोर विमलकाकू राहतात. आईची जिवाभावाची मैत्रीण. रोज दुपारी यायच्या. दोन वर्षांपूर्वी यायच्या बंद झाल्या. आई दाराकडे बघत बसायची. आई गेली तेव्हाही काकू फाटकाबाहेरच उभ्या होत्या. तेव्हापासून मी त्यांच्याशी बोलले नव्हते.

त्यांनीच दार उघडलं. "उन्हात काऊन उभी हायस वं? ये आत."

गेले. पाणी दिलं. मी मशीनचं सांगितलं.

काकू म्हणाल्या, "मले तिथं मळमळ होये, बाई. तुह्या मायसमोर नाकाले पदर लावता येते काय? म्हणून येनंच सोडलं म्या."

मला रडू आलं, पण रागही आला. सांगायचं होतं ना एकदा, मी म्हटलं.

"तू तिथंच जेवत होती, तिथंच झोपत होती. तुले कसं सांगू?"

काकूंनी भाकरी टाकली. आम्ही दोघी आईबद्दल फारसं न बोलता जेवलो.

दुपारी मशीनवाल्याचा फोन आला, मग त्याने खिडक्या उघडल्या. दोनच्या सुमारास घरात शिरले तर झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा बारीक उग्र वास होता. बाकी काही कळेना. जुना वास गेला की नाही, कसं कळणार? तो मला आधीही येत नव्हता.

काकूंना हाक मारली. त्या उंबऱ्यात थांबल्या. पदर हातात धरलेला होता, पण तो नाकाशी नेला नाही. एक मोठा श्वास घेतला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"नाई येत," म्हणाल्या. आत आल्या, आईच्या खोलीत गेल्या, रिकाम्या पलंगाच्या काठावर बसल्या आणि तिथे रडल्या. दोन वर्षांचं.

दिवेलागणीला त्या घरी गेल्या, मी परत एकटी. खोलीला अजून कोणी मिळालेलं नाही. पण त्या शिक्षिकेचे मनापासून आभार मानावेसे वाटतात... खरं बोलल्याबद्दल. एकट्या माणसाला आपल्या घराचं काय झालंय ते आतून कळत नाही. कोणाला तरी दारात येऊन श्वास घ्यावा लागतो.