तांब्या कोणी आणला

टीव्हीवरचा मराठी चित्रपट शनिवारी संध्याकाळी लागायचा आणि आमच्याकडे शेतीची वीजही साधारण त्याच सुमारास यायची. नव्वदच्या दशकात नाशिक शहराच्या कडेला आमचा झेंडू-शेवंतीचा मळा होता. वीज आली की वडील विहिरीवर मोटर सुरू करायला जात आणि आई फावडे घेऊन वाफ्यांत पाणी वळवायला. मोटर चालू झाली की विजेचा दाब उतरून पडद्यावरचे चित्र चारही बाजूंनी आकसून जाई. उरलेला चित्रपट मी आणि थोरला भाऊ त्या आकसलेल्या चित्रात पाहत असू. भावाने एकदा पाणी वळवताना कोवळी रोपे बुडवली होती, त्यामुळे आई फावडे दुसऱ्या कोणाच्या हाती देत नसे. परिणामी तिने कित्येक चित्रपटांची सुरुवात पाहिली, शेवट मात्र एकाचाही नाही.

शेवट सांगण्याचे काम माझ्याकडे होते. भाऊ सांगताना पदरचे घालतो, असे आईचे मत होते. मी मुळात कमी बोलणारी. शाळेत हजेरी देतानाही माझा आवाज बाईंपर्यंत पोहोचत नसे. चित्रपट संपला की मी बांधावर जाऊन उभी राही आणि आई काम करता करता प्रश्न विचारी.

एका चित्रपटात बहीण भावाशी भांडून माहेर तोडते. त्या दिवशी वडिलांनी विहिरीवरून पुन्हा पुन्हा हाका मारल्या, तेव्हा कुठे आई उठली. तिचे माहेर सिन्नरकडचे. जमिनीच्या वाटणीवरून मामाशी तिचे बोलणे बंद होते, हे आम्हांला ठाऊक होते. त्याबद्दल विचारायचे नसते, हेही.

मी बांधावर पोहोचण्याआधीच तिने विचारले, "गेली का ती माघारी?"

"गेली. दारात उभी राहिली."

"अन् भाऊ?"

"काही बोलला नाही. पाण्याचा तांब्या आणला."

आईचे फावडे थांबले. "कोणी आणला? भावानं का भावजयीनं?"

"भावानं."

"वहिनीनं आणला!" ओट्यावरून माझा भाऊ ओरडला. "चित्र एवढुसं झालेलं, या आंधळीला काय दिसतंय?"

"तू गप रे, तोंडाळ! बाई, तू नीट आठव. हातात बांगड्या होत्या का?"

मला बांगड्या आठवेनात. "भावानंच," मी म्हणाले. पण आवाज खाली गेला आणि ते आईच्या लक्षात आले.

आल्यागेल्याला पाणी देणे हे घरातल्या बाईचे काम. ते वहिनीने केले तर रीत झाली. भाऊ स्वतः उठला तर त्याचा अर्थ निराळा. आई तशीच उभी राहिली. तोवर वाफा भरून पाणी रोपांवर चढले होते. त्या दिवशी रोपे आईच्या हातून बुडाली आणि भावाने, का कोण जाणे, त्यावरून तिला एका शब्दानेही चिडवले नाही.

पुढे मळ्यात ठिबक सिंचन आले, घरात केबल आली, मी कॉलेजात जाऊ लागले. एका दुपारी तोच चित्रपट पुन्हा लागला. आई मेथी निवडत बसली होती. शेवट जवळ आला तशी तिने परात बाजूला सारली. या वेळी चित्र पडदाभर होते. चित्रपटातला भाऊ जागचा उठला, आत गेला आणि स्वतः तांब्या घेऊन बाहेर आला.

"हं," आई म्हणाली आणि परात पुन्हा पुढ्यात ओढली.

त्या भाऊबिजेला ती मला सोबत घेऊन सिन्नरच्या बसमध्ये बसली. मामा ओट्यावर होता. आम्हांला पाहून तो अर्धवट उठला आणि पुन्हा बसला. पाण्याचा तांब्या मामीने आणला.

आईने तांब्याकडे पाहिले, मग मामीच्या हातातल्या बांगड्यांकडे. दोन घोट पाणी प्याली, चपला काढल्या आणि आत गेली.