निकालआबांची तहान

निकालआबांचं सगळं हत्यार म्हणजे तहान. जतकडच्या माळावर आमच्या जमातीचे पंच निवाडा द्यायचे आणि तो बजावायला आबा निघायचे. निवाडा मोडणाऱ्याच्या दारात घोंगडं टाकून बसायचे आणि त्या घरचं पाणी घ्यायचे नाहीत. शिवी नाही, दमदाटी नाही. "माझी तहान त्याला दिसली, झालं," म्हणायचे. माळावर ती सगळ्यांनाच दिसायची. दिवस मावळायच्या आत माणूस वाकायचा.

मिरजेत कुणाची तहान दिसत नाही. आमच्याच जमातीतल्या हिराच्या नवऱ्यानं चार वर्षांची पोर उचलून इथं आणली आणि हिराला भेटूही देईना. पंचांनी सांगितलं, पोर आईकडं. आबा त्याच्या बिल्डिंगखाली बसले. वॉचमन म्हणाला, "ओ मामा, घोंगडी विकायची तर बाजारात जावा." एका बाईनं वरून भावही विचारला. नवरा गॅलरीतून ओरडला, "पंचांची हद्द माळापुरती! हितं कोर्ट हाय."

आबा माझ्याकडे आले. जमातीतला पहिला वकील मी. ऑफिस दोन इस्पितळांच्या मधे, त्यामुळे येणारे निम्मे लोक औषधाच्या दुकानाचा पत्ता विचारायचे. खरंखुरं काम आलेलं पाहून मला चेव आला. सरळ कोर्टात अर्ज करायचा सोडून मी पंचांचा निवाडा टाईप केला आणि खाली पदरचं एक झणझणीत वाक्य घातलं: पोर न दिल्यास जमातीबाहेर टाकण्यात येईल.

"लय जड झाला न्हाई नव्हं कागद?" अंगठा उठवताना आबांनी विचारलं.

"कायद्याचं वजन आहे, आबा."

वाळीत टाकायची धमकी देणं हा गुन्हा. हे मी परीक्षेला पाठ केलं होतं. नवऱ्यानं कागद पोलिसांना दिला, आबांवर गुन्हा नोंदला गेला. पुढं हिरा कोर्टात गेली तेव्हा समोरच्या वकिलानं तोच कागद फडकवला: असल्या लोकांत लेकरू पाठवायचं? पोर बापाकडेच राहिली. कागद कुणी लिहिला, असं पोलिसांनी विचारल्यावर अंगठेबहाद्दर आबा म्हणाले होते, "म्याच." साहेब हसले, पण लिहून घेतलं.

मग एका सकाळी आबांनी माझ्या ऑफिसच्या दारात घोंगडं टाकलं.

"तुझं नाव मी घेतलं न्हाई. ते तू घ्यायचं हाय. कोर्टात सांग, ते वाक्य पंचांचं नव्हतं."

"सनद जाईल, आबा."

"पोर गेलीया, गड्या."

मी तांब्या पुढं केला. त्यांनी तो बोटानं मागं सारला. दुपारी इस्पितळाकडे निघालेल्या एका बाईनं त्यांना पेशंटचा नातेवाईक समजून पाण्याची बाटली दिली. ती मात्र घटाघटा प्यायले. मी आतून बघत होतो. संध्याकाळी घोंगडं झटकून गेले, ते परत आले नाहीत.

जमातीनं मला वाळीत टाकलेलं नाही. तो गुन्हा आहे. फक्त आबा वारल्याचं कुणी कळवलं नाही. सनद अजून भिंतीवर आहे. हिराची पोर शाळेच्या रिक्षातून रोज समोरून जाते. तेवढ्या वेळेपुरतं मी शटर अर्धं ओढून घेतो.