सावद्याचा डेटा आणि साहेबांचा भाऊ

मंडळी, आज मी सूड घेतला.

आमच्या इंटरनेट कंपनीचे राउटर, म्हणजे डेटाची वाट ठरवणारी यंत्रं, वाटेत कमी टप्पे असलेला रस्ता निवडायचे, मग ती लाइन कितीही मंद असो. "लाइनचा वेगही बघायला लावू," असं मी म्हणालो, तर साहेबांनी मला जळगावहून साक्रीला तक्रारी ऐकायला पाठवलं.

आज त्याच मंद लाइनवर सावद्याचं नेट तुंबलं. केळीचे व्यापारी खवळले. साहेबांचा फोन आला, "भाऊ, तुझी ती सेटिंग कर ना."

"स्पीकर लावा. माझं बरोबर होतं, हे ऑफिसात सगळ्यांना सांगा."

ते टाळाटाळ करत राहिले. मीही हटलो नाही. शेवटी स्पीकर लावून तसं बोलले. मग मी साक्रीतूनच सेटिंग बदलली आणि डेटा लांबच्या पण वेगवान लाइनने सुसाट निघाला.

तोवर सावदा ताटकळलं, त्याचं वाईट वाटतं. साहेबांचं अजिबात नाही. तुम्ही आधी काय केलं असतं, सेटिंग की सूड?