परवा म्हणजे कधी?

‘चालून राहिलं ना? मंग झालं.’ हे वाक्य कानावर पडलं की प्रियदर्शनीच्या कपाळाची शीर उडायची. अमरावतीच्या त्या लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत ते दिवसभर कुणी ना कुणी म्हणतच असायचं. पुण्याची बरी चाललेली नोकरी सोडून ती इकडे आली होती आईबाबांसाठी. तिचे बाबा, पंजाबराव, चांदूर रेल्वे गावी पोस्टात होते. सकाळी शिक्क्यातली तारीख बदलल्याशिवाय ते चहाला हात लावत नसत. चुकीच्या तारखेचा शिक्का बसला की ते पत्र जन्मभर खोटं बोलत फिरतं, असं ते म्हणायचे. अशा माणसाच्या पोरीला मालक मिळाले उद्धवसर.

उद्धवसर तसे वाईट नव्हते. बोलायला गोड, दिवाळीला प्रत्येकाच्या घरी डबा पोचवणारे. पण चूक नावाची गोष्ट त्यांच्याकडे कधी राहायलाच आली नाही. ती गिऱ्हाइकाच्या नेटची असायची, नाहीतर मोबाइलची, आणि काहीच सापडलं नाही तर खेड्यातल्या माणसाच्या बोटाची.

त्या मंगळवारी दुपारी शालूचा फोन आला. शालू दर्यापूरची. तिच्या सासऱ्यांना, मोतीरामकाकांना, आठवड्यातून तीनदा अमरावतीच्या एका डायलिसिस सेंटरवर रक्त शुद्ध करून घ्यायला आणावं लागे. त्या सेंटरवर नाव नोंदवायचं ॲप याच कंपनीनं केलेलं. हल्ली त्यात ‘आज, उद्या, परवा’ अशी मोठी मराठी बटणं टाकली होती आणि उद्धवसरांनी त्यावर भाषणही ठोकलं होतं.

“मॅडम, हे तिसऱ्यांदा झालं,” शालू सांगत होती. “आमी येतो, अन् यादीत नावच नसते. वरून मामाजीले गैरहजर लावलं. तीनदा गैरहजर असलं तर बेड दुसऱ्याले देतात म्हणे. आमी त इथंच बसून हावो सकाळपासून. कुंदाताईनं तुमचा नंबर देल्ला.”

कुंदाताई म्हणजे सेंटरच्या मुख्य सिस्टर. संध्याकाळी एक मशीन रिकामं होईल त्यावर काकांना बसवते, असं त्या म्हणाल्या होत्या. पण ठरलेला बेड आता त्यांच्या हातात नव्हता. तो गेला की अकोल्याच्या यादीत शेवटी नाव लावायचं आणि तोवर काकांनी तग धरायचा.

“सर्वर चालू आहे ना?” पलीकडच्या खुर्चीतून उद्धवसर म्हणाले. “मंग झालं. बुढ्यानं चुकीचं दाबलं असन.”

प्रियदर्शनीनं डेटाबेस उघडला. काकांच्या नावावर नोंद होती, पण गेल्या शुक्रवारची! त्या शुक्रवारी ते आले नाहीत म्हणून प्रोग्रामनं आपणच गैरहजेरी टाकून दिली होती. आधी तिला वाटलं, दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाली असेल. कोडमधून क्वेरीला, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञेला, तारीख पाठवताना हा घोळ नेहमीचा. तो नव्हता. मग वाटलं, सर्वरचं घड्याळ परदेशी वेळेवर असेल आणि तारीख मागे सरकत असेल. तेही नव्हतं. क्वेरीचा काही दोष नव्हता. तिला शुक्रवार दिला होता, तिनं शुक्रवार लिहून घेतला. पण शुक्रवार दिला कुणी?

“शालूताई, तुमी केव्हा अन् काय दाबलं, ते सांगा बरं मले.”

“काय सांगू आता? परवा मी परवा दाबलं.”

प्रियदर्शनीचा हात थांबला. परवा म्हणजे रविवारी शालूनं ‘परवा’ दाबलं होतं, म्हणजे मंगळवार. एकाच वाक्यात दोन परवा, एक मागचा आणि एक पुढचा, आणि शालूला त्यात कसलीच अडचण वाटली नव्हती. कुठल्याच मराठी माणसाला वाटत नाही.

तिनं कोडमधली ती जागा काढली. एकेका शब्दासमोर किती दिवस मोजायचे ते लिहिलेलं होतं. नोंदणीसाठी कुणीतरी ‘परवा’समोर दोन दिवस पुढे असं लिहिलं होतं. पुढे अहवालासाठी ‘काल’ आणि ‘परवा’ लागले, तेव्हा त्याच यादीच्या तळाशी ‘परवा’ पुन्हा आला, दोन दिवस मागे. संगणक अशा वेळी हूं की चूं करत नाही, खालची ओळ धरतो. मागच्या तारखेची नोंद घेऊ नये, ही साधी अट सेंटरला जुनी माहिती भरून दाखवताना उद्धवसरांनी काढायला लावली होती, ती परत घालायचं कुणालाच सुचलं नव्हतं. आणि मोबाइलवर निरोप जाई तो असा : ‘परवाची नोंद झाली.’ तारीख नाहीच. प्रियदर्शनीला शिसारी आली. समोरचा चहा तिनं बाजूला सारला.

तिनं उद्धवसरांना स्क्रीन दाखवली.

“अरे वा, सापडलं,” ते खूश होऊन म्हणाले. “करून टाक दुरुस्त चुपचाप.”

“अन् काकांच्या गैरहजेऱ्या?”

“त्या काढाच्या म्हणजे सेंटरवाल्याईले सांगा लागन, का चूक आपली व्हती म्हणून. आता त्याईच्यासंग नवा करार तोंडावर आला, कायले डोक्याले ताप? परवा पाहू.”

“कोणता परवा, सर? मागचा का पुढचा?”

सर हसले. त्यांना तो विनोद वाटला. पोट धरून हसले ते, आणि पलीकडच्या टेबलावर दोघांना सांगितलाही. तिकडे एक म्हातारा बाकावर अंग सुजवून बसला आहे आणि इकडे हशा पिकला आहे. प्रियदर्शनीला त्या हसण्याची जेवढी किळस आली तेवढी त्या दोन ओळींचीही आली नव्हती.

ती जागेवर आली. आधी खालची ओळ काढली, बटणाखाली वार आणि तारीख दिसेल असं केलं. मग सेंटरला मेल लिहिला : ‘मोतीरामकाका तिन्ही वेळा हजर होते. चूक आमच्या प्रोग्रामची आहे. त्यांच्या गैरहजेऱ्या रद्द कराव्यात आणि बेड कायम ठेवावा.’ खाली स्वतःचं नाव घातलं, उद्धवसरांना प्रत लावली आणि पाठवून दिला. नोकरीचं काय व्हायचं ते होवो.

तासाभरानं कुंदाताईंचा फोन आला. लेखी आलं म्हणून बरं झालं, म्हणाल्या. बेड काकांचाच राहिला. उद्धवसर तोवर मेल वाचून तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते आणि आता हसत नव्हते. तिनं मागे न बघता शालूला फोन लावला.

“बेड तुमचाच आहे, शालूताई. आज संध्याकाळचं झालं की मंग गुरुवारी सकाळी या.”

शालू भरल्या आवाजात म्हणाली, “म्हंजे परवा ना, मॅडम?”

“गुरुवारी,” प्रियदर्शनी म्हणाली. “माह्यासाठी एकदा गुरुवारी म्हणा, ताई.”