तिला तिथे ठेवून आलो

लग्न झालं आणि त्याच वर्षी आम्ही जर्मनीला गेलो. नवऱ्याची नोकरी न्यूर्नबर्गला होती. घर मिळालं ते शहराबाहेरच्या एका लहान गावात, पहिल्या मजल्यावर. मी कोपरगावची, वडील साखर कारखान्यात कारकून होते. तो राजूरचा, अकोले तालुक्यातल्या डोंगरातला. दोघांनीही तोवर विमान आतून पाहिलेलं नव्हतं.

तिथला रविवार फार मुका असतो. दुकानं बंद, रस्ते ओस. अशाच एका रविवारी मी शेंगदाण्याची चटणी करायला मिक्सर लावला, तर खालच्या आजी जिना चढून वर आल्या. रविवारी यंत्राचा आवाज करायचा नसतो, हे त्यांनी खुणांनीच समजावलं. दुसऱ्या दिवशी नवरा त्यांना वाटीभर चटणी देऊन आला. त्यांनी ती पावाला लावून खाल्ली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि आणखी मागितली. तेव्हापासून त्या आमच्या झाल्या.

शनिवार मात्र आमचा होता. पोळी-भाजीचा डबा बांधायचा, दिवसभराचं एकच तिकीट काढायचं आणि हळू जाणाऱ्या गाडीत बसायचं. ज्या स्टेशनाचं नाव नवऱ्याला उच्चारता यायचं नाही, तिथे उतरायचं, असा त्याचा नियम. त्यामुळे प्रसिद्ध असं फारसं काही आम्ही पाहिलं नाही. कुठे पडका किल्ला, कुठे नुसतं तळं, एकदा तर बटाट्यांची शेतंच शेतं. तो खुशीत आला की राजूरचं बोलायचा. एका टेकडीवर लोक काठ्या टेकत, दमछाक करत चढत होते, तेव्हा म्हणाला, "याला डोंगर म्हनत्यात व्हय? आमच्याकडं यावर शेळीबी न्हाई चढायची. तिला लाज वाटंल." मी हसून हसून वाटेतच बसले.

दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले. आमच्या सहली आखूड झाल्या, पण थांबल्या नाहीत. नवरा डब्याची पिशवी, पाण्याची बाटली आणि पाठीला लावायची उशी असं सगळं स्वतः घ्यायचा. मी बाकावर बसले की पोटाशी वाकून आतल्या बाळाला सांगायचा, "हे बघ, इथं नदी आहे. आपली गोदावरी हिच्यापेक्षा मोठी, पण पाणी हिला जास्त."

सातव्या महिन्यात नेहमीच्या तपासणीला गेलो. डॉक्टरीण बाईंनी यंत्र पोटावरून एकदा फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि मग पडदा हळूच स्वतःकडे वळवून घेतला. काय झालं ते मला तेव्हाच कळलं. भाषेची गरजच पडली नाही.

बाळ गेलेलं असलं तरी बाळंतपण व्हावंच लागलं. मुलगी होती. कुणा अनोळखी बायकांनी असल्या लेकरांसाठी विणून ठेवलेलं पिवळं झबलं नर्सने तिला घातलं आणि माझ्या हातात दिलं. केस काळेभोर होते. त्या वॉर्डात तसे केस कुणाचेच नव्हते.

मग दवाखान्यातल्या एका बाईंनी विचारलं, "तुमच्याकडे अशा वेळी काय करतात?" आम्हाला ठाऊकच नव्हतं. नवऱ्याने राजूरला सासूबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "तान्ह्या लेकराला जाळीत न्हाईत, बाबा. माती द्या. आन् सूनबाईला म्हनाव, डोकं झाकून बस. थंडी लई आसंल तिकडं."

गावच्या दफनभूमीत एक कोपरा लहान मुलांचा होता. तिथे तिला ठेवलं. खालच्या आजी काळा कोट घालून आल्या होत्या. माती लोटायची वेळ आली तेव्हा नवऱ्याचे हात उठेनात. आजींनी त्याचा हात धरला आणि दोघांनी मिळून पहिली मूठ टाकली.

त्यानंतर आमचे शनिवार तिथेच जायला लागले. तिकडे माणसं थडग्यांवर बागा करतात. नवऱ्यानेही झेंडूची रोपं आणून लावली. पुढच्या शनिवारी पाहिलं तर गोगलगायींनी बुडख्यापर्यंत खाल्लेली. त्याने पुन्हा लावली, त्यांनी पुन्हा खाल्ली. कुणी सांगितलं म्हणून भोवती कॉफीचा चोथा पसरला, अंड्यांची टरफलं पसरली. एकदा मी झारी भरून आले, तर तो गुडघ्यावर बसून एकेक गोगलगाय उचलून कुंपणापलीकडे ठेवत होता. चिडून फेकत नव्हता, ठेवत होता. मी झारी घेऊन तशीच उभी राहिले.

एकदा आम्ही पूर्वीसारखं जाऊन पाहिलं. डबा घेतला, गाडीत बसलो, एका जुन्या पुलावर जाऊन खाल्लं. तो म्हणाला, "छान आहे." मी म्हणाले, "हो, छान आहे." आणि पहिल्या गाडीने परत आलो. पुन्हा गेलो नाही.

वर्ष उलटलं आणि कोपरगावहून आईचा फोन आला. वडिलांची उजवी बाजू गेली होती, बोलणंही गेलं होतं. मी एकुलती एक. आईला त्यांना कुशीवर वळवतासुद्धा येत नव्हतं. नवरा म्हणाला, "आपण जाऊ या."

"आणि ती?" मी विचारलं.

तो खिडकीशी गेला. "बाबांना आपण लागतो," म्हणाला. "तिला..."

मी त्याच्याशी आठवडाभर धड बोलले नाही. मग एका सकाळी उठून बॅग काढली आणि भरायला लागले. आजी म्हणाल्या, "मी जाईन तिच्याकडे. मला नाहीतरी माझ्या नवऱ्याकडे जायचंच असतं. तोही तिथेच आहे."

परत आल्यावर कोपरगावला जाताना आधी राजूरला थांबलो. सासूबाईंनी माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि पहिली गोष्ट विचारली, "जागा कशी हाय?" मी मोबाईलवर फोटो दाखवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"शेजारी कोन हाय?"

मला आधी कळेना. मग म्हणाले, "तिच्याएवढीच लेकरं आहेत, आई. सगळी लहानच."

"मंग बरं हाय," त्या म्हणाल्या. "सोबत हाय." आणि पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या.

आम्ही कोपरगावातच राहिलो. मी एका शाळेत शिकवते, नवरा घरातूनच कंपनीचं काम करतो. आम्हाला पुन्हा मूल झालं नाही. आजी मधूनमधून फोटो पाठवायच्या. कधी बर्फ पडलेला, कधी त्यांनी लावलेली जांभळी फुलं. गेल्या हिवाळ्यापासून फोटो आले नाहीत. फोन लागत नाही. त्या फार थकल्या होत्या. आता तिथे कुणी जातं की नाही, ते कळायला मार्ग नाही.

वडील यंदा उन्हाळ्याच्या तोंडी गेले. दहाव्याला आम्ही पुणतांब्याला गोदावरीवर गेलो. भाऊ नाही, म्हणून विधी नवऱ्याने केले. पाणी आटलेलं, घाटाच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडलेल्या. पिंडाला कावळा शिवला. आप्तांनी तिलांजली दिली आणि गुरुजी आवराआवर करू लागले, तेव्हा नवरा म्हणाला, "गुरुजी, आणखी एकाला पाणी द्यायचंय."

"कोण?"

"आमची मुलगी. जन्मायच्या आधीच गेली."

गुरुजींनी मान हलवली. "तान्ह्याला तिलांजली नसते. शास्त्रात नाही तसं." नवरा तसाच ओंजळ पुढे धरून बसून राहिला. गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तांब्या उचलून म्हणाले, "घ्या. नाव काय तिचं?"

दवाखान्यात नोंदीसाठी विचारलं होतं, तेव्हा आम्ही तिला नाव दिलं होतं. घरी आल्यावर दोघांपैकी कुणीही ते कधी उच्चारलं नव्हतं. त्याने ते तिथे, सगळ्या पाहुण्यांसमोर, स्पष्ट घेतलं. गुरुजींनी गोत्र जोडून तेच नाव पुन्हा म्हटलं आणि त्याच्या बोटांवरून पाणी वाळूत गेलं. माझ्या आईला तिचं नाव ठाऊक नव्हतं. तिने माझ्या दंडाला धरलं आणि हलकेच विचारलं, "हे नाव होतं होय गं तिचं?"

मी हो म्हणाले.