चार मजूर निघून गेले

गणितात शिरून तिथल्या माणसांची विचारपूस करणारा परीक्षार्थी उभ्या नगर जिल्ह्यात एकच निघाला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा धाकटा भाऊ असावा, हे माझं नशीब. मी मिरजगावला शाळेत गणित शिकवतो. आठवडाभर पोरांना शाब्दिक उदाहरणं समजावून घसा बसलेला असायचा, आणि रविवारी तिसगावहून एसटीने हा हजर. बगलेत पोलीस, तलाठी, जी निघेल त्या भरतीचा प्रश्नसंच. चपला काढायच्या आतच, "दाजी, ह्यो दूधवाला काय माणूस हाय का?" उदाहरणात दूध आणि पाणी पाचास दोन होतं, तेवढ्यावर ते सुटत होतं. पण ह्याचं म्हणणं, "डेअरीवाला मशिनला लावल ना! फॅटच बसायची न्हाई." मी म्हणायचो, "अरे बाबा, या गणितात डेअरी नाही." त्यावर माझी कीव आल्यासारखा बघायचा.

एक नळ टाकी भरतो आणि दुसरा रिकामी करतो, हे उदाहरण तर त्याच्या जिवाला लागायचं. उन्हाळ्यात टँकरची वाट बघत वाढलेला माणूस तो. "खालचा नळ उगडा टाकनारा कोन, ते आदी सांगा." मी कपाळाला हात लावायचो. आतून बायको म्हणायची, "सांगा की हो त्याला नीट." भावाला ती कधी काही बोलली नाही.

पण नोकरी त्याला मनापासून हवी होती. आईबाप अजूनही दर हंगामाला ऊसतोडीला जात होते. त्यांना आता घरी बसवायचं, एवढंच त्याच्या डोक्यात. गेल्या वर्षी वयाच्या अटीतली शेवटची परीक्षा होती. पेपर देऊन तो थेट माझ्याकडे आला, लई खुशीत. मजुरांचं गणित आलं होतं. बारा मजूर एक काम दहा दिवसांत करतात. चार दिवसांनी चार मजूर निघून गेले, तर उरलेल्या कामाला किती दिवस लागतील? उत्तर नऊ. ह्याने अठरावर खूण केलेली.

"आवो दाजी, चार गडी निघालं म्हंजी त्येंच्या बाया बी निघनार. ऱ्हायले चारच." उसाच्या फडात नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, जोडी मोडून कुणी काम करत नाही. "आमच्या बापाला ताप आल्ता, तवा आय मागं राहिली व्हय? लगीच बिऱ्हाड बांधलं तिनं." ओरडायचंही त्राण माझ्यात नव्हतं. मी चहा पुढे केला. निकाल लागला तेव्हा तो एका मार्काने गेला होता.

आता तो टेम्पो चालवतो. आईबाप यंदाही कारखान्यावर गेले. परवा भाडं घेऊन इकडे आला होता, तेव्हा जुनी गंमत म्हणून मीच विचारलं, "एका नळाने टाकी चार तासांत भरते, दुसऱ्याने बारा तासांत रिकामी होते. दोन्ही सोडले तर?"

"सहा तास," तो बशीत चहा ओतत म्हणाला.

"आणि खालचा नळ कुणी उघडा टाकला?"

"आसंल कुनीतरी. आपल्याला काय करायचं, दाजी?"

उत्तर बरोबर होतं. इतकी वर्षं त्याच्याकडून मला तेच हवं होतं, आणि ते ऐकून मला फार वाईट वाटलं.